क्रियापद शेवटी येतं

उद्यमनगरात, टायर रिमोल्डच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून आलं की माझा क्लास.
खाली लेथ चालू असतो,
म्हणून पहिल्या दिवसापासनं सगळी पोरं
जपानी जरा ओरडूनच बोलतात.

व्याकरण सोपं आहे, मी सांगतो,
इंग्रजीनं छळलं तेवढं हे छळणार नाही.
कर्ता आपल्यासारखाच पुढं, कर्म मधे,
आणि क्रियापद शेवटी.
समोरचा होय म्हणतोय का नाही
हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.
तोवर मान हलवत राहायची.

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही.
शिरोलीच्या फौंड्रीत, सत्त्याण्णव साली,
ओसाकाहून होरिउची-सान आले होते.
कास्टिंगवर टॉर्च धरायचे,
मोहरीएवढा ब्लोहोल दिसला
की हळूच म्हणायचे, मुझुकाशिइ.
कठीण आहे.
आम्ही खूश. कठीण म्हणजे जमण्यासारखं.
तीन महिने लागले कळायला
की अख्खा लॉट रिजेक्ट झाला होता.
मग मी त्यांना 'बघूया की' शिकवलं.
कोल्हापुरात कुणी बघूया की म्हणालं
तर चहा प्यायचा आणि उठायचं.
ते एवढे हसले, चष्मा काढून पुसला.

आता त्यांच्या देशाची बातमी आली
की मी ती शेवटाकडनं वाचतो.
एक लांबलचक वाक्य आहे,
माझ्या जन्माच्या आधी सुरू झालेलं:
ताताकाइमा...
पुढं 'सेन' लागला तर लढत नाही,
नुसता 'स' लागला तर लढतो.
इतकी वर्षं सेन ऐकू यायचा, ठणठणीत.
आता शेजारचा क्षेपणास्त्रं समुद्रात टाकतो,
लांबचा दोस्त संरक्षणाचं बिल वाढवून मागतो,
आणि वाक्याच्या टोकाशी
आवाज जरा खाली जातो.
मी कान देतो.
खाली लेथ चालू असतो.

मगदूमांकडं नवीन ड्रॉइंग आलंय.
'वापर' लिहिलेली चौकट कोरी.
पूर्वी तिथं पंप असायचं, व्हॉल्व्ह असायचं.
मी विचारलं, हे कशात बसणार?
मगदूम म्हणाले, रेट चांगला हाय.
येन पडलाय तरी चांगला हाय.

अश्लेषा पोवार वडणग्याची,
काइगोच्या परीक्षेला बसलीय.
'पाठ दुखते का', 'आज आंघोळ करूया का'
हे तिला सात तऱ्हांनी अदबीनं विचारता येतं.
घरी आजोबांना एकाच तऱ्हेनं विचारते, ओरडून.
तिकडं म्हातारी माणसं वाढली, पाळणे रिकामे,
म्हणून दार किलकिलं केलंय.
हे स्थलांतर नव्हे, असं सरकार म्हणतं.
पाच वर्षं. घरच्यांना आणायचं नाही.
पुढचं पुढं.

सर, ती म्हणाली, ह्या कागदात क्रियापद कुठाय?
'राहा' म्हणत्यात का 'या आणि जावा' म्हणत्यात?
तौफिक मुजावर, ग्राइंडिंगवाला, मागनं म्हणाला,
लिवलंय की, मुझुकाशिइ.
सगळे हसलो.
ती हसली नाही, कागदाची घडी घालत राहिली.

होरिउची-सानांचं नववर्षाचं कार्ड
दर जानेवारीत यायचं. औंदा आलं नाही.
त्यांनाही आता कुणीतरी विचारत असेल,
पाठ दुखते का, आज आंघोळ करूया का.
कुठल्या उच्चारात, कोण जाणे.

शनिवारी मुलाखतीची तालीम घेतली.
मी परीक्षक. ताठ बसलो, टायबिय लावून.
पाच वर्षांनंतर आपण काय करणार?
अश्लेषानं हात मांडीवर ठेवले,
नजर माझ्या गाठीवर, शिकवली तशी,
आणि म्हणाली, काएरिमा...

खाली कुणीतरी जाड दांडा लावला लेथवर.
परत जाईन का जाणार नाही,
टोक काही ऐकू आलं नाही.
मी पुन्हा विचारलं नाही.
वहीत तिच्या नावापुढं खूण केली:
उच्चार बरोबर.